उघड आहे

माझी थोरली बहीण विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात टायपिस्ट आहे. एकाच खोलीत, एकाच खिडकीशी तिची अठ्ठावीस वर्षं गेली. मी तिला ताई म्हणते, म्हणून आमच्या इमारतीतले सगळेच ताई म्हणतात. भावोजींनीही एकदा घाईत "ताई, माझी पकड कुठाय?" अशी हाक मारली होती. त्यावर तिच्या सासूबाई आठवडाभर हसत होत्या.

विभागातले प्राध्यापक हाताने लिहिलेले कागद तिच्यापुढे आणून टाकतात आणि ती ते टाइप करते. प्रश्नपत्रिका, प्रबंध, वर्गात वाटायच्या नोट्स. पानांवर निम्मी अक्षरं आणि निम्मी चिन्हं असतात. त्या चिन्हांना तिने स्वतःपुरती नावं ठेवली होती: आकडा, पोटात गोल असलेला आकडा, उलटा त्रिकोण, मान वळवलेला डी. काम करायची तिची एक ठरलेली पद्धत आहे. मूळ पान लाकडी स्टँडवर उभं करायचं, चालू ओळीखाली स्टीलची पट्टी धरायची, ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली सरकवायची. "मला अर्थ कळत नाही म्हणूनच माझी चूक होत नाही," असं ती म्हणायची. "ज्यांना कळतं ते पुढचं मनाने लिहून मोकळे होतात." तिने टाइप केलेलं तपासायची गरज नाही, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. गणिती पद्धती शिकवणारे सर तर तिच्या हातचं पान न वाचताच सही करून झेरॉक्सला पाठवायचे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईने एम.एस्सी.ला नाव घातलं. विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना नोकरी सांभाळून परीक्षेला बसता येतं. सकाळचा पहिला तास वर्गात आणि मग खिडकीशी, असा तिचा दिवस सुरू झाला.

घरात कुणाला काही कळेना.

"पास झालीस तर काय होईल?" भावोजींनी विचारलं. ते फ्रिज दुरुस्त करतात. बिघाड, उपाय, काम फत्ते, असं त्यांचं डोकं चालतं.

"काही नाही होणार."

"बढती?"

"नाही."

"मग बिघाड काय आहे ते तरी सांग."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिचं शिक्षण माझ्यामुळे सुटलं असं सगळं गोत म्हणतं. आता माझ्यामुळेच सुरू झालं असंही म्हणा. होऊ दे माझं नाव."

मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने नजर चुकवली. कारण खरी गोष्ट मला माहीत होती. एकविसाव्या वर्षी ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि 'भौतिकशास्त्रातील गणिती पद्धती' या पेपरात नापास झाली होती. नुसती नापास नाही. कोरी उत्तरपत्रिका देऊन, अर्ध्या तासात उठून आली होती. त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं आणि सगळ्यांनी आपापल्या सोयीने अर्थ लावला. सासर कडक, म्हणून पोरीला शिकता आलं नाही. ताईने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आपण मठ्ठ आहोत की नाही, एवढा एकच प्रश्न तिच्या मनात सव्वीस वर्षं पडून होता, आणि तो सोडवायला तिने पुन्हा नाव घातलं होतं. हे भावोजींना कसं सांगणार?

बाकीच्या सात पेपरांतून ती हळूहळू निघाली. हा आठवा मात्र अडला. पहिल्या खेपेला छत्तीस मार्क मिळाले, पास व्हायला चाळीस लागतात. दुसऱ्या खेपेला चौतीस. नियमाप्रमाणे तीनच संधी. तिसऱ्यांदा गेली की नाव कायमचं रद्द, आणि सुटलेले सात पेपरही त्यासोबत पाण्यात.

गंमत म्हणजे ती दोन्ही वेळा एकाच जागी अडकली होती. सरांच्या नोट्समध्ये पान त्रेचाळीस. ताणून बसवलेल्या तारेची दोन वेगवेगळी कंपनं घ्यायची, त्यांचा गुणाकार करायचा, आणि तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची बेरीज करत जायचं. बेरीज शून्य येते. हे सिद्ध करायचं. दर वर्षी प्रश्न येणारच, वीस मार्कांना. ताईने ते मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मीसुद्धा कुणाला सांगू शकेन. पहिल्या ओळीत कंसातलं एक मोठं पद असतं. पुढच्या ओळीत ते नसतं.

"नसतं म्हणजे?"

"नसतं. गेलं. वरच्या ओळीत आहे, खालच्या ओळीत नाही."

"मग कुठे जातं?"

"तेच तर."

तिने वर्गातल्या मुलांना विचारलं. ती सगळी मुलं तिच्या लेकीपेक्षाही लहान, तिला मावशी म्हणायची. चष्मेवाली म्हणून एक हुशार मुलगी होती. ती म्हणाली, "मावशी, ते पद तिथून जातंच. आम्ही त्याला पळपुटं म्हणतो. तुम्ही विचार नका करू, पहिली ओळ लिहायची, दुसरी लिहायची, खाली चौकट काढायची. पूर्ण मार्क."

वर्गात तिने एकदा हात वर करून सरांनाही विचारलं. सरांनी फळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. म्हणाले, "ते उघड आहे," आणि पुढे गेले.

उघड आहे! हे दोन शब्द तिने घरी आणले आणि ते घरभर झाले. सासूबाईंचा चष्मा सापडत नसला की भावोजी म्हणायचे, "आई, उघड आहे, डोक्यावर आहे." हसायचे सगळे, ताईसुद्धा हसायची. पण कपडे वाळत घालताना तिचे ओठ हलत असायचे. पाठ करणं तिला अवघड नव्हतं, उलट तिच्याइतकं पाठ कुणाचंच नव्हतं. पान डोळ्यांपुढे जसंच्या तसं उभं राहायचं. परीक्षेत पहिली ओळ लिहून झाली की मात्र हात थांबायचा. "इथून तिथे कशी उडी मारू? खाली काही नाहीच," ती म्हणायची. दोन्ही खेपांना तिने तिथे प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'हे पद कुठे गेले ते मला समजलेले नाही.' आणि पुढचं सोडून दिलं होतं.

तिसरी परीक्षा दीड महिन्यावर आली. एका सकाळी तास संपल्यावर चष्मेवाली तिच्याशेजारी बसून तेच पान बघत होती. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन अक्षरं फिकट झालेली. मुलगी वैतागून म्हणाली, "मावशी, आता हे ज्याने टाइप केलं त्यालाच जाऊन विचारा."

ताई हसली. मुलीला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं, त्या नोट्स सोळा वर्षांपूर्वीच्या.

हसत हसतच ती खिडकीशी आली, बसली, आणि कामाला हात घालायच्या आत थबकली. टायपिंगमध्ये एखादं वाक्य जुळत नसलं की काय करायचं असतं? मूळ प्रत काढायची. नवीन टायपिस्ट मुलींना हे ती स्वतः शिकवते. चार वर्षं त्या पानाशी झगडताना तिने स्वतःच्या डोक्यावर, वयावर, पहिल्या नापासावर, सगळ्यावर संशय घेतला होता. पानावर घेतला नव्हता. पान तिने टाइप केलेलं होतं ना!

लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरांचे मूळ कागद निघाले. त्रेचाळिसावं पान तिने स्टँडवर लावलं. पट्टी ठेवली. पहिली ओळ, शेवटी 'बरोबर शून्य'. पट्टी खाली सरकवली. दुसरी ओळ: 'दोन्ही टोके बांधलेली असल्यामुळे तिथे दोन्ही कंपने शून्य, म्हणून कंसातील पद बरोबर शून्य.' पट्टी सरकवली. तिसरी ओळ, शेवटी 'बरोबर शून्य'.

लागोपाठ तीन ओळी, तिन्हींचं शेपूट सारखं. आणि छापील पानावर दोनच.

संध्याकाळी मी खाली तिच्या घरी गेले तर ती गॅलरीत कपड्यांच्या दोरीपुढे उभी होती. दोरी रिकामी. ती मध्यभागी बोटाने दोरी वर उचलायची आणि सोडून द्यायची.

"बघ," ती मला म्हणाली. "मधे कितीही नाचू दे. खिळ्याशी हलते का?"

"नाही हलत."

"नाही हलत! बांधलेली आहे म्हणून. टोकाशी दोन्ही शून्य, म्हणून पद शून्य. एवढंच होतं गं. एवढंच."

"मग रडतेस कशाला?"

"मला कळत नाही मी रडतेय की काय करतेय. ओळ मी गाळली. सोळा वर्षं मुलं मी गाळलेली ओळ सोडून पास होतायत आणि मी तिच्यापायी नापास."

भावोजी चहाचा कप घेऊन दारात आले होते. त्यांनी दोरीकडे पाहिलं. "पण आपलं एकच टोक बांधलंय. दुसरीकडे मी कडं बसवलंय, आईला दोरी खाली घेता यावी म्हणून. ते सळईवर वरखाली सरकतं."

"कुठे सरकतं?" आतून सासूबाईंचा आवाज. "गंजून बसलंय मेलं."

"सरकतं असं धर," भावोजी म्हणाले. "मग तिथे दोरी हलेल की. मग तुझं ते पळपुटं कसं पळणार?"

"ते वेगळं. तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. पण वेगळं म्हणजे कसं, ते तिला सांगता आलं नाही, आणि तिचा चेहरा पुन्हा होता तसा झाला.

दोन दिवस ती त्या जुन्या दिवसाचा माग काढत होती. पान त्रेचाळीस टाइप करताना काय झालं असेल? लेकीचा ताप? कुणी हाक मारली? फोन? काही आठवेना. भांडी घासता घासता मला विचारायची, "तेव्हा आपल्याकडे काही झालं होतं का गं?" सोळा वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सकाळी काय झालं होतं ते मी कुठून सांगू? तिला काहीतरी कारण हवं होतं. काही नव्हतंच. पट्टी एक ओळ जास्त सरकली होती, बस.

सरांना सांगावं की नाही, यावरही तिचं रोज वेगळं ठरायचं. सांगितलं तर अठ्ठावीस वर्षांचं नाव जातं. नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी आणखी चाळीस मुलं उडी मारणार. शेवटी ती दोन्ही पानं घेऊन गेली. काय झालं ते तिने मला शब्दन् शब्द सांगितलं.

सरांनी आधी मूळ पान पाहिलं, मग छापील, मग पुन्हा मूळ.

"हे माझंच अक्षर," ते म्हणाले.

"हो सर. ओळ माझ्याकडून गळली."

"मला वाटत होतं मीच मुद्दाम सोडलीय. मुलांनी विचार करावा म्हणून." त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली. "मुलांनी केला का हो विचार?"

"पाठ केलं, सर."

"मी पूर्ण मार्क देत आलो." मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं. "गेल्या दोन वर्षांत कुणीतरी लिहिलं होतं, हे पद कुठे गेलं ते समजलं नाही म्हणून. मी समासात 'उघड आहे' असं लिहून दोन मार्क दिले होते. हसलोही होतो."

"ती मीच, सर. दोन्ही वेळा."

सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. माफी कुणी कुणाची मागायची ते दोघांनाही कळेना, म्हणून कुणीच मागितली नाही. उठताना ताईने विचारलं, "सर, एक टोक बांधलेलं नसून कड्यात असेल, कडं सळईवर सरकत असेल, तर?"

"हं," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. ती थोडा वेळ थांबून निघून आली.

दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर कागद लागला: 'पान ४३ वर एक ओळ सुटली आहे, ती पुढीलप्रमाणे.' तोही ताईनेच टाइप केला होता. मुलं फलकापुढे गोळा झाली.

"सोळा वर्षं!" चष्मेवाली म्हणाली. "कुठल्या झोपाळूने टाइप केलं होतं हे?"

"मी," ताई म्हणाली.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली, "मावशी, मग तुम्ही आम्हाला काय विचारत होता?"

त्या संध्याकाळी ताई सासूबाईंच्या समोर जाऊन बसली. मी तिथेच होते. ताई म्हणाली, "आई, माझं शिक्षण तुमच्यामुळे सुटलं नव्हतं. मी नापास झाले होते. कोरा पेपर दिला होता."

सासूबाईंनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "माहीत आहे. तुझ्या वडिलांनी लग्नाआधीच सांगितलं होतं."

"मग तीस वर्षं तुम्ही ऐकून कशाला घेतलंत?"

"मला वाटलं तुला माहीत आहे की मला माहीत आहे." त्या आणखी एक शेंग घेऊन थांबल्या. "आणि सासू कडक आहे असं चार लोकांत असलेलं बरं असतं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

परीक्षेला ती निळी साडी नेसून गेली. पहिल्या खेपेलाही हीच होती, म्हणून मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. दुपारी विद्यापीठाच्या फाटकाशी मी छत्री घेऊन उभी होते, ऊन फार होतं. मुलं बाहेर आली ती चिडलेली. न शिकवलेलं विचारलं, तक्रार करू, असं चाललेलं. ताई सगळ्यात शेवटी आली. बोटांना शाई.

"आला का तो प्रश्न?"

"आला आणि नाहीही." ती छत्रीखाली आली. "तारेचं एक टोक बांधलेलं आहे, दुसरं टोक हलक्या कड्याला, कडं गुळगुळीत सळईवर सरकतं. सिद्ध करा."

"म्हणजे तू विचारलेलंच?"

"मीच विचारलेलं. आणि मला येत नव्हतं! सरांनी कुठे सांगितलं होतं?"

मी तिला झाडाखालच्या बाकावर बसवलं. ती सांगायला लागली. बांधलेल्या टोकाचं चटकन झालं. कड्यापाशी आल्यावर हात थांबला, अगदी पूर्वीसारखा. तिथे दोरी हलणार, मग पद शून्य कसं? पाऊण तास गेला. शेजारच्या बाकावर चष्मेवाली पहिली ओळ आणि तिसरी ओळ लिहून चौकट काढून बसली होती. तेही दिसत होतं. "मलाही तसंच करावंसं वाटलं," ताई म्हणाली. "खरं सांगते. हात तिसऱ्या ओळीवर गेलासुद्धा."

"मग?"

"मग गॅलरी आठवली. कडं खरंच सरकत असेल, तर ते दोरीला वर ओढणार नाही की खाली ओढणार नाही. ते आपलं तिच्याबरोबर जाणार. कुणी ओढतच नसेल तर तिथे दोरीला उतार कसला? तिथे ती आडवीच असणार. आणि कंसात काय आहे? एकाची उंची गुणिले दुसऱ्याचा उतार. एका टोकाला उंची शून्य, दुसऱ्या टोकाला उतार शून्य. दोन्हीकडे पद शून्यच. फक्त कारणं निराळी." ती थांबली. "असं मी लिहिलं. बरोबर आहे का?"

"मला काय विचारतेस!"

"आपलं कडं गंजलंय ते नाही लिहिलं."

महिन्याने निकाल लागला. सत्तेचाळीस. भावोजींनी आकडा दोनदा वाचला आणि "काम फत्ते" म्हणाले. सासूबाईंनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "कडक सासूची सून पास झाली."

ताई मात्र सत्तेचाळीसकडेच बघत बसली. उत्तरपत्रिका परत दाखवत नाहीत. त्या वीस मार्कांतले तिला किती मिळाले, कड्याचं कारण बरोबर ठरलं की दुसऱ्याच प्रश्नांनी तिला तारलं, ते कळायला मार्ग नव्हता. "म्हणजे मला कळलं होतं की नव्हतं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, पास झालीस ना. ती म्हणाली, "ते नव्हे गं."

सरांनी तिला आता सगळ्या नोट्स मुळावरून पुन्हा टाइप करायला दिल्यात. तिचं काम पूर्वीपेक्षा निम्म्या वेगाने चालतं. ओळ वाचते, पट्टी धरून बसते, इथून तिथे कसं गेलं ते बघते, मगच पुढे सरकते. गेल्या आठवड्यात पान एकसष्टवर ती अडली. दोन ओळींमध्ये काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. पण या वेळी समोर मूळ प्रतच होती. सरांचं अक्षर, मधे कोरी जागासुद्धा नाही. आपली पट्टी सरकलेली नाही एवढं नक्की. मग ओळ सरांची सुटली, की आपलं डोकं?

ती पान घेऊन सरांकडे गेली. "सर, इथून इथे कसं आलं?"

सरांनी पान जवळ घेतलं. "ते उघड..." म्हणाले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन्ही ओळींवर पेन्सिल ठेवून बराच वेळ बसून राहिले.

"बाई," ते म्हणाले, "हे जरा इथे ठेवून जाता का?"

आज सहावा दिवस. पान अजून त्यांच्या टेबलावरच आहे.